उजव्या गालाची किंमत

"आज अगदी टवटवीत दिसताय तुम्ही," असं वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, तेव्हा रंगमास्तरांच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. असं कुणी काही म्हटलं की त्यांच्या आत कुठंतरी एक दुकान उघडायचं आणि माल आपोआप बाहेर यायचा. रोज पहाटे अर्धा तास डोक्यावर उभा राहतो, परवा तर तसाच डोळा लागला आणि पेपरवाला पेपर पायात अडकवून गेला, असं काहीतरी ते सांगणार होते. सांगण्यासाठी त्यांनी मान वर केली, आणि बाईंच्या खांद्यावरून लिफ्टच्या मागच्या आरशात त्यांना एक म्हातारा दिसला. हातात पावाची पिशवी, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, आणि लिफ्टच्या दिव्यात दोन्ही गाल गुलाबी. म्हणजे नुसते तांबूस नव्हेत. दोन बारक्या पोरींनी दुपारी आजोबांना झोपलेलं बघून कारभार उरकावा तसे. दुकानाचं शटर धाडकन खाली आलं. मास्तरांच्या तोंडून एवढंच निघालं, "ऊन लागलं असेल."

त्यांचा मजला आला, दार उघडलं, पण मास्तर हलले नाहीत. "अहो, तुमचा मजला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सोडून येतो," मास्तर म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं की हे वाक्य आजवर लिफ्टमध्ये कुणी कुणाला म्हटलं नसेल. बाईंनी नको म्हटलं नाही. वर गेल्यावर उतरल्या, दोन पावलं जाऊन वळून एकदा बघितलं, आणि हसू दाबल्यासारखं तोंड करून आत गेल्या. दातांची डॉक्टर हसू दाबते तेव्हा फार वाईट दिसतं, असं मास्तरांच्या मनात आलं. ती दिवसभर लोकांना सांगत असते, आ करा. मग दार मिटलं, आणि लिफ्ट कुणी बोलावत नव्हतं म्हणून तिथंच उभी राहिली. वर एक पिवळट दिवा, समोर आरसा, आणि आरशातला तो म्हातारा. मास्तरांनी बाहीने डावा गाल पुसला. रंग गेला नाही, पसरला. ते लगेच थांबले. ओल्या रंगावर हात फिरवू नये हे त्यांना माहीत होतं, कोरड्यावरही फिरवू नये हे आज कळलं.

म्हणजे बेकरीतही आपण असेच उभे होतो. बेकरीवाली सुटे पैसे देताना म्हणाली होती, "काका, उन्हाचं नका फिरू, बघा कसे लाल झालात," आणि त्यांना ते मायेचं वाटलं होतं. इमारतीखालच्या बाकावर पोस्टमास्तर भेटले होते. हे निवृत्त पोस्टमास्तर वर्षानुवर्षं त्याच बाकावर बसतात आणि रंगमास्तरांच्या प्रत्येक गोष्टीला "हं, पुढे" एवढंच म्हणतात. ते आज बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी रंगमास्तरांचं मनगट धरलं, नाडीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताप आहे का रे?" इतक्या वर्षांत या माणसाने कधी हात लावला नव्हता. आता लिफ्टमध्ये तेच आठवून हसावं की रडावं ते त्यांना कळेना. सगळ्यांनी पाहिलं, कुणी बोललं नाही, उलट जरा जास्तच प्रेमाने वागले. म्हातारपणी माणसाचं काय काय लोक न बोलता सोडून देत असतील याची एक लांबलचक रांगच त्यांच्या डोळ्यांपुढून गेली, आणि त्या रांगेच्या शेवटी, जिला हे दिसता कामा नये अशी एकच व्यक्ती उभी होती. त्यांची सून. तिची डबी खिडकीच्या कट्ट्यावर उघडी पडली होती. मास्तरांना ते आता, इथं, आरशात बघता बघता आठवलं.

सून पोहायला शिकवते. शिकवायची, असं म्हणायचं का हाच तर घरातला प्रश्न होता. तरणतलावाच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या पोराला ती हाक मारायची तेव्हा शिट्टी लागायची नाही. "कोपर वर" असं तिनं म्हटलं की तलावातल्याच नव्हे, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची कोपरंसुद्धा वर जायची, असं मास्तर बाकावर सांगत आणि पोस्टमास्तर "हं, पुढे" म्हणत. घरात तोच आवाज. "बाबा, चष्मा फ्रिजमध्ये ठेवलाय तुम्ही," हे वाक्य तिनं स्वयंपाकघरातून म्हटलं की खालच्या मजल्यावरचे आपापले फ्रिज उघडून बघत. लग्न होऊन आली तेव्हा मास्तरांना वाटलं होतं, आता काही आपलं खरं नाही. पुढे त्या आवाजाशिवाय दुपारची झोपसुद्धा लागेना. मग हिवाळ्यात तिची आई गेली. दवाखान्यात, शेवटचे आठवडे तिनंच सगळं केलं. परत आली ती आवाज तिथंच ठेवून. रडली नाही, भांडली नाही, जेवण नको म्हणाली नाही. वाढलं तेवढं खायची. "हो बाबा." "नको बाबा." "ठेवा तिथं." कामावर रजा टाकली होती ती वाढत गेली. दुपारी खोलीचं दार लावून भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि मास्तर बाहेरच्या खोलीत बसून त्या दाराकडे बघत राहायचे, जसं एखाद्या भिंतीत ओल कुठून येते ते कळत नसताना बघतात.

आणि एक दिवस ती आपण होऊन बाहेर गेली आणि एक डबी घेऊन आली. काळी, जड, झाकण मिटताना मोटारीचं दार लागावं तसा मऊ आवाज. आत गालाला लावायची लाली, दाबून बसवलेली, तिच्यावर बारीक पानाफुलांची नक्षी उठवलेली. जन्मभर पाण्यात काढलेल्या बाईने. जी लग्नातसुद्धा रंगवायला आलेल्या मुलीला म्हणाली होती, हे पाण्यात राहणार आहे का, नाही ना, मग कशाला. जेवताना मास्तरांच्या मुलाने किंमत विचारली, तिनं सांगितली, अगदी सरळ, जशी भाजीची सांगावी. मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो, माणसं नाकावर ठेवायला काय काय किमती मोजतात हे रोज बघतो, त्याने नुसती मान हलवली. पण मास्तरांच्या आतलं दुकान उघडलं. "एवढ्या पैशात सबंध इमारत रंगवून झाली असती," ते म्हणाले. "आतून बाहेरून, दोन हात." कुणी हसलं नाही. इथं थांबायला हवं होतं. पण जिभेला हाड नाही ते नाहीच. दुसऱ्या दिवशी बाकावर त्या डबीची गोष्ट झाली. दुकानदाराने डबीबरोबर एक बंदूकवाला घरापर्यंत पाठवला. रात्री डबी उशाशी ठेवून आम्ही आळीपाळीने जागतो. काल चिमूटभर पावडर फरशीवर सांडली तर फरशी विकत मागायला माणूस आला. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. पोस्टमास्तर "हं, पुढे" म्हणाले नाहीत. ते रंगमास्तरांच्या मागे बघत होते. मागे सून उभी होती, हातात कचऱ्याची पिशवी. कितीतरी दिवसांनी ती खाली उतरली होती. "बाबा, जेवायला चला," एवढंच ती म्हणाली, हळू. त्या हळूने मास्तरांचा जीव अर्धा झाला.

त्यानंतर डबी बेसिनवरच्या कपाटात गेली आणि तिथंच राहिली. मास्तर रोज दाढी करताना कपाट उघडून बघत. नक्षीवर एक रेघ नाही. मुलगा एकदा रात्री हात धुताना मागे आला आणि म्हणाला, "बाबा, इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. स्वतःसाठी." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. "तलावावरून फोन येतायत. या महिन्यात हो म्हणाली नाही तर दुसरी बाई घेणार आहेत." मग नळ बंद करून गेला. मास्तर त्या रात्री कुशीवरून कुशीवर होत राहिले. आपण एका शब्दाने कुणाचं दार बंद करू शकतो इतकी आपल्या शब्दाला किंमत आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बायको होती ती तर त्यांच्या बोलण्यातलं रुपयाला चार आणे धरायची आणि बाकीचं फुंकर मारून उडवायची. "तुमचं बोलणं चाळून घ्यावं लागतं," म्हणायची. फोटो काढायला गेले तेव्हा ती स्टुडिओच्या पडद्याआड जाऊन स्वतःच्या गालांना चिमटे काढत होती, लाल दिसावेत म्हणून. मास्तरांनी विचारलं, काय करतेस. म्हणाली, "फुकटची लाली." त्या फोटोत ती खरंच छान आली आहे. पण काळ्यापांढऱ्या फोटोत लाली कुठली दिसणार, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि मास्तर तर रंगाच्या कारखान्यात कामाला.

तिथं त्यांचं काम एकच होतं, रंग जुळवणं. नव्या घाण्यातला रंग जुन्या नमुन्याशी जुळतो की नाही ते खिडकीपाशी उभं राहून सांगायचं. उत्तरेची खिडकी, कारण तिथला उजेड सबंध दिवस शहाण्यासारखा वागतो. दोन पट्ट्या शेजारी शेजारी धरायच्या आणि डोळे जरा मिटून बघायचं. जगात एवढ्या एकाच जागी मास्तर कधी खोटं बोलले नाहीत. साहेब म्हणोत, मालक म्हणोत, गाडी दारात उभी आहे, जुळलाय म्हणा. न जुळलेल्याला जुळला त्यांनी कधी म्हटलं नाही. बाहेर आले की पुन्हा सुरू. आणि म्हणूनच परवा दाढी करताना त्यांच्या मनात आलं की सुनेला जाऊन सांगावं, बाई, चुकलो, तुझी वस्तू किमतीची आहे. पण हे नुसतं सांगून भागणार नव्हतं. खोट्याने काम झालं असतं तर त्यांनी बसल्या जागी दहा सांगितली असती. तिनं एकदा डोळ्यांत बघितलं असतं की कळलं असतं, दुकानातला माल आहे. खिडकीपाशी उभं राहून बघायला हवं होतं. तिथलं जे असेल ते खरं. आणि जर बघितल्यावर ती वस्तू किमतीची नाहीच निघाली तर काय सांगायचं, या प्रश्नाला त्यांनी मुद्दामच मनात जागा दिली नव्हती.

कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी एक स्वस्तातली लाली आणली. "कुणाला हवीय, आजोबा?" दुकानातली म्हणाली. "मलाच," मास्तर म्हणाले, आणि ती खूप हसली. खरं बोललं की लोक हसतात हा त्यांचा जुना अनुभव. आज दुपारी खोलीचं दार लागल्यावर त्यांनी कपाटातून डबी काढली आणि दोन्ही घेऊन खिडकीशी बसले. डबीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं ते भिंगातून वाचलं. टाल्क, अभ्रक, लोखंडाचा गंज. स्वस्त डबीच्या पाठीवरही तेच. त्यांना हसू आलं. जन्मभर पोत्यांनी हाताळलेला माल. पण नावं वाचून रंग कळत नसतो. आधी त्यांनी हातावर रेघ ओढून पाहिली. हात म्हातारा, डागाडागाचा, त्याच्यावर काय कळणार. मग आरसा आणला. नक्षीला नख लावताना बोट एकदा मागे आलं. एका कोपऱ्यातून, अगदी पानाच्या देठाजवळून, चिमटीभर उचललं आणि उजव्या गालाला लावलं. डाव्याला दुसरी. आणि डोळे जरा मिटून बघितलं. डाव्या गालावर रंग दिसत होता. चुन्यावर मारलेल्या रंगासारखा, वर बसलेला, सुरकुतीत जाऊन दाटलेला. उजव्या गालावर रंग दिसतच नव्हता. गाल दिसत होता. थंडीतून चालून आलेल्या माणसाचा, नुकतंच कुणीतरी काहीतरी चांगलं बोललंय अशा माणसाचा. मास्तर बघत राहिले. त्यांच्या छातीवरचा एक धोंडा बाजूला झाला. आता जाऊन सांगता येणार होतं, आणि तेही खरं.

पण जुनी खोड. कारखान्यात कोरडी पूड कधी कोरडी जोखत नसत. काचेवर तेलाच्या थेंबात घोटून बघत, मग रंगाचं पोट, म्हणजे आतली खरी छटा कळते, म्हणत. मास्तरांना ते पोट बघायचं होतं. सगळं बघून झाल्यावर उगीच आणखी एकदा बघणारा माणूस शेवटी हात दाखवून अवलक्षण करतो. त्यांनी डोक्याला लावायच्या तेलाच्या बाटलीत करंगळी बुडवली आणि काच शोधायला उठण्याऐवजी, नेमकं काय झालं ते त्यांना आताही लिफ्टमध्ये उभं राहून सांगता आलं नसतं, ती करंगळी सरळ डबीत फिरवली. जशी चाळीस वर्षं काचेवर फिरवली होती तशी, गोल गोल. नक्षी गेली. पानं, फुलं, देठ, सगळं एका तपकिरी, चकचकीत, दगडासारख्या थराखाली गेलं. ब्रश लावून पाहिला, तो वरून घसरला. आणि त्याच क्षणी आतल्या खोलीत सून खोकली, पलंग वाजला, आणि मास्तर पायात चपला घालून पिशवी उचलून पाव आणायला बाहेर पडले. घरात पाव होता.

लिफ्ट हलली. कुणीतरी बोलावलं होतं. मास्तरांनी खाली जायचं बटण दाबलं, पण लिफ्टचं स्वतःचं ठरलेलं असतं, ती आधी बोलावणाऱ्याकडे जाते. मजल्यांचे आकडे उतरायला लागले तसं त्यांच्या मनात एकेक गोष्ट तयार व्हायला लागली. मांजर आलं होतं, खिडकीतून. पण घर इतकं वर. मग कावळा. कावळा तेलात चोच बुडवून. शेवटी शेवटी तर एक बरी सुचली होती, वायरमनची, पण तिचा शेंडा सापडेपर्यंत लिफ्ट थांबली. त्यांच्याच मजल्यावर. दार उघडलं आणि समोर सून उभी होती. अनवाणी. केस विस्कटलेले, एका हातात डबी. दुसऱ्या हाताचं बोट अजून बटणावर.

ती बघत राहिली. आधी पिशवीकडे, मग चेहऱ्याकडे. मग डोकं जरा तिरकं करून उजव्या गालाकडे, मग डाव्याकडे. मास्तरांनी वायरमनची गोष्ट गिळली. आता ती "ठेवा तिथं" म्हणणार, त्या हळू आवाजात, आणि दार लावून घेणार, आणि मग ते दार उघडायला जगात काहीही पुरणार नाही, असं त्यांना स्पष्ट दिसलं. लिफ्टचं दार मिटायला लागलं. तिनं पाय मध्ये घातला.

"कुठं गेला होतात?"

"पाव आणायला."

"घरात पाव आहे."

"हो."

"मी उठले तर घरात कुणी नाही. दार उघडं. खिडकीत हे." तिनं डबी वर केली. तिचा आवाज अजून खालीच होता, पण त्याच्या बुडाशी काहीतरी हललं होतं. "मला वाटलं तुम्हाला काही झालं. मी तशीच निघाले. आणि तुम्ही लिफ्टमध्ये उभे, गाल रंगवून. हे काय आहे, बाबा?"

"बघत होतो. किमतीची आहे का."

"कसं बघत होतात?"

"तेलात घोटून."

आणि मग ते झालं. "तेलात?" ती म्हणाली, आणि तो शब्द जिन्यातून तळमजल्यापर्यंत गेला आणि परत आला. "पावडरीत तेल घालतं का कुणी? अहो, पावडर आहे ती, लोणी नाही. दगड झालाय बघा तिचा. आणि कपाटातून काढायच्या आधी विचारता येत नाही? दार उघडं टाकून जाता, किल्ली टीव्हीवर, फोन उशीखाली, मी काय समजायचं? आधी अख्ख्या बाकाला माझी डबी सांगायची, बंदूकवाला काय, फरशी काय, आणि मग चोरासारखं दुपारी स्वतःच लावून गावभर फिरायचं. वय काय तुमचं? आत या. सरळ उभे राहा. पिशवी खाली ठेवा. नको, खाली नको, टेबलावर." वर कुठंतरी दार उघडलं, बहुधा दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. खाली एक कुत्रं भुंकायला लागलं. आणि मास्तर दारात पिशवी हातात घेऊन उभे होते आणि ते सगळं त्यांच्या अंगावरून जात होतं, कोपर वर, पाय सरळ, श्वास सोडा. त्यांना वाटलं, हिनं थांबू नये. अजून पुष्कळ चुका शिल्लक आहेत, पाहिजे तर आणखी करून ठेवू. मध्येच ते जवळच्या खुर्चीवर बसले.

"बसायला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. पण तेवढ्यात तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला असावा. ती थांबली. हात गळ्याशी गेला, जणू तिथं काही अडकलेलं होतं ते आहे का अजून, हे चाचपायला. मग ती जाऊन दुसऱ्या खुर्चीवर बसली आणि डबी दोघांच्या मध्ये ठेवली.

"उजवा माझा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"डाव्यावर सुरकुत्या मोजता येतायत."

"तेच. मीही तेच सांगणार होतो," मास्तर घाईघाईने म्हणाले. "खिडकीत बघून सांगतो, उगीच नाही. चांगला माल आहे. बसतो कुठं कळत नाही. मी बोललो ते..."

"मला नव्हतं माहीत चांगला आहे की वाईट," ती म्हणाली. "मी त्या मुलीला म्हटलं, सगळ्यात महाग कुठली ती दे. रंगसुद्धा नाही बघितला." तिनं चकाकणाऱ्या थरावरून बोट फिरवलं. "आईचा रंग शेवटी गेला ना, बाबा. गालाचा. पांढरासुद्धा नाही, काहीच नसल्यासारखा. घरी आल्यावर आरशात मला माझा तोच दिसायला लागला. सकाळी तोंड धुताना आईच बघायची समोरून. म्हटलं, काहीतरी लावावं. स्वस्तातलं घेतलं असतं तर एक दिवस लावून टाकून दिलं असतं, मला माहीत आहे मी कशी आहे. महाग घेतलं म्हणजे रोज लावावं लागेल. वाया जाईल म्हणून तरी."

मास्तरांचं आतलं दुकान होतं, उघडंही होतं, पण त्यात या गिऱ्हाइकाला दाखवावं असं काही नव्हतं. "आणि मग नाही लावलीस," ते शेवटी म्हणाले.

"बंदूकवाल्याची वाट बघत होते," ती म्हणाली. तोंडावर काही नव्हतं, पण ते बोलणं जुनं होतं, मागच्या वर्षीचं, त्याआधीचं. मास्तरांनी एक मोठा श्वास घेतला. किती महिन्यांनी तो तळापर्यंत गेला. रंगाच्या डब्यावर साय धरते तेव्हा काय करतात ते त्यांनी मग तिला सांगितलं. टाकून देत नाहीत, साय काढतात, खाली रंग असतो तसाच असतो. ती उठून चमचा घेऊन आली. "द्या, मी करते. नाहीतर तुम्हीच करा. नाही, थांबा, हळू, तुम्ही कुदळ मारल्यासारखं करता. कडेने. कडेने म्हटलं ना." मास्तर चमच्याच्या दांड्याने कडेने खरवडत होते आणि ती वरून बघत होती, आणि कागदावर तपकिरी पापुद्रे पडत होते. खाली पावडर होती, मऊ, कोरडी, पानंफुलं नसलेली. तिनं बोटाने थोडी उचलली, खिडकीपाशी गेली, मास्तरांच्या दाढीच्या आरशात बघत आधी एका गालाला लावली, मग दुसऱ्या. आणि वळली. खिडकीतला उजेड तिच्यावर होता. नेहमीचे मास्तर असते तर म्हणाले असते, अप्सरा, आता तलावातलं पाणी उकळणार. त्यांनी डोळे जरा मिटून बघितलं.

"डावीकडे थोडी जास्त झाली," ते म्हणाले.

तिनं पुन्हा आरशात बघितलं. "हो," म्हणाली, आणि पुसली.

मुलगा आला तेव्हा दोघं टेबलाशी होती आणि चहा झाला होता. तो दारातच थांबला, एक बूट काढलेला, एक पायात. "बाहेरच्या फाटकापर्यंत आवाज येत होता म्हणे," तो जपून म्हणाला, आणि बायकोकडे बघायचं की बापाकडे हे त्याला ठरवता येईना. "काय झालं?"

मास्तरांनी सांगितलं. पहिल्यापासून, जसं झालं तसं, मीठमसाला न लावता. खिडकी, दोन गाल, तेल, खोकला, बेकरी, पोस्टमास्तरांनी धरलेली नाडी, दातांच्या डॉक्टरीणबाईंना वरपर्यंत सोडायला जाणं. मुलगा ऐकत राहिला, मग त्याने दुसरा बूट काढला आणि दमून म्हणाला, "बाबा, निदान आज तरी. खरं काय झालं ते सांगा ना."

"खरं आहे," सून म्हणाली. "असंच झालं. एकूण एक."

मुलाने तिच्याकडे बघितलं. तिच्या गालांकडे. बघतच राहिला.

"आणि एक राहिलं त्यांचं सांगायचं," ती चहाचा कप फिरवत म्हणाली. "बेकरीवालीने पावाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाली, काका, तुमचं कुठं जमवलंय का अजून, माझी एक मावशी आहे. मावशीचा पत्ताही दिलाय. रविवारी बघायला जायचंय. सोमवारपासून मला तलावावर जायचंय, म्हणून रविवारीच."

असं काही घडलं नव्हतं. बेकरीवालीने पूर्ण पैसे घेतले होते, मावशी तर कुठून आली कोण जाणे. पण तिनं ते इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं होतं, आणि शेवटचं वाक्य त्यात असं मिसळून टाकलं होतं, की मास्तरांना त्याचा सांधा सापडेना. मुलगा आता त्यांच्याकडे बघत होता. "खरं का, बाबा?" तो म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले. "मावशी दिसायला बरी आहे म्हणतात."